छाट

अक्कलकोट रोडला आमची शाखा.
पत्र्याचं छत, एक खिडकी, एक काटा आणि मी.
एकवीस वर्षं बायकांच्या विड्या तपासतोय.
हजार विडीला पान इतकं, तंबाखू इतकी, दोरा इतका.
यात जे बसत नाही ते जगात नाही,
हे मालकानं नाही, काट्यानं शिकवलं.

मनाबद्दल विचाराल तर
ते मी वजन न भरणाऱ्या गोष्टींत टाकलं होतं,
सावली, वास, उधारीवाल्याचा शब्द,
त्यांच्याच रांगेत.

पारा चव्वेचाळीसला टेकलेला,
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तशात अंबक्का गुर्रम सूप घेऊन खिडकीशी आली.
तिची विडी म्हणजे डोळे मिटून घ्यावी अशी.
एक बोटांत फिरवली. आवळलेली.
दुसरी. तीही.
कट्ट्यामागून कट्टा, गळा दाबल्यासारखा.
पेटवली असती तर धूर आला नसता.
चारशे बाजूला काढल्या.
"काय झालं की, अंबक्का?"
ती म्हणाली, "मनसु बागालेदु."
मला ऐकू आलं, माणूस.
म्हटलं, कोण माणूस? मालक तुमचे?
रांगेतली मागची बाई हसली, मग हसायची थांबली.
"मन बरं नाही म्हणतीय ओ ती."

वहीत लिहिलं: छाट ४००.
कारणाला रकाना नसतो.

मागाहून कळलं,
पोरगा भिवंडीला मागावर गेलेला,
नऊ दिवस त्याचा फोन बंद.
तोंडानं ती कुणालाच बोलली नव्हती.
बोटांनी मात्र रोज हजारदा सांगत होती
आणि मी ते वाचून
नापास करत होतो.

तिची भाग्यलक्ष्मी फार्मसी शिकते.
पासबुक घेऊन आली तेव्हा तिला विचारलं.
"मन वगैरे काही नसतं, काका. मेंदूतली रसायनं."
मग त्यांचं वजन भरत असेल?
"भरतं की. तुमच्या काट्यावर नाही भरणार."
आणि गेली, चपला वाजवत.

पण आमच्या आईनं मनाला कधी
डोक्यात बसवलंच नाही.
राग तेवढा डोक्यात जायचा,
बाकी सगळं गळ्याच्या खाली.
पोटात कालवायचं, काळजात चर्र व्हायचं,
दुसऱ्याची चूकसुद्धा ती पोटातच घालायची.
तिथं इतकी जागा कुठून आली
हे कुठल्या डॉक्टरनं पाहिलंय?
आणि जुन्या हिशोबात चाळीस शेरांचा मण होता.
आमच्याकडे निम्म्या बायका
मण आणि मन एकाच तोंडानं म्हणतात.
मी हसायचो. आता वही बघतो.

त्या रात्री छाटातली एक विडी घरी आणली,
ब्लेडनं उभी चिरली, कागदावर पसरली.
पान. तंबाखू. लाल दोरा.
बायको म्हणाली, काय शोधताय?
काही नाही, म्हटलं.
खरंच काही नव्हतं.
फक्त ज्या पानात चिमूट मावते
तिथं दीड चिमूट कोंबलेली.

दहाव्या दिवशी पोराचा फोन आला असावा.
मला कुणी सांगितलं नाही.
सूप पुढं सरकलं, विड्या सैल,
डोकी नीट न मोडलेली,
तंबाखू वाटेत सांडलेली,
जणू रोल करता करता ती कुणाशी तरी बोलत होती.
काट्यावर ठेवल्या.
चाळीस ग्रॅम कमी.

मी पूर्ण लिहिलं.

मालक एक दिवस विचारेल,
चाळीस ग्रॅम गेले कुठं?
काय सांगायचं याचा विचार करतो तेव्हा
माझ्या आत काहीतरी हलतं.
काय ते ठाऊक नाही.
बेंबीच्या वर चार बोटं,
डावीकडे.